मेंढबाजाराची बातमी

फिलिपा वेदरॉलने शिडीवर चढून पणजोबांची तसबीर खिळ्यावरून सोडवली आणि खाली उभ्या असलेल्या अ‍ॅम्ब्रोज पिल्चरने ती दोन्ही हातांत अलगद घेतली.

"जनरलसाहेब अजून तसेच बघतात," तो म्हणाला. "माझ्या बुटाला शेण लागल्यासारखे."

"लागलेलंच आहे."

त्याने खाली पाहिलं आणि दोघंही हसली.

ऑल्डरकोमचं, म्हणजे वेदरॉलांच्या जुन्या वाड्याचं, जेवणघर जवळजवळ रिकामं झालं होतं. वेदरॉलांनी पिढ्यान् पिढ्या सैन्याला अधिकारी दिले आणि शेवटी उरली ती एकटी फिलिपा. तिने घर विकलं होतं; सोमवारपासून इथे मुलींची शाळा भरणार होती. गावातली माणसं सकाळपासून निरोप घेऊन गेली. वेदरॉलांची जमीन कसणारा अ‍ॅम्ब्रोज मात्र तिला हातभार लावायला थांबला होता.

"आईची एकही तसबीर नाही बघा," खाली उतरत ती म्हणाली. "चित्रकारासमोर बसायला तिला वेळ नसायचा. रडायलाही नसायचा. लायनेल फ्रान्समध्ये मारला गेल्याची तार आली, त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं सूप वाढायला सांगितलं. माझा एकुलता एक भाऊ. मी लहान होते, पण ते सूप मी तिला कधी माफ केलं नाही."

अ‍ॅम्ब्रोजने तसबीर भिंतीला टेकवली आणि उगाच हात पुसत राहिला.

"त्या दुपारी मी इथेच होतो, मिस फिलिपा. या खिडकीखाली माझी खाट होती."

पहिल्या महायुद्धात या घराचा दवाखाना झाला होता. विषारी वायूने डोळे भाजलेला तरुण अ‍ॅम्ब्रोज पट्ट्या बांधून इथे पडून असे, एवढं तिला ठाऊक होतं.

"बाईसाहेब रोज मला पेपर वाचून दाखवायच्या. युद्धाचं नको, मेंढबाजाराचं वाचा, असा माझा हट्ट. त्या दिवशी वाचता वाचता कुणीतरी त्यांच्या हातात काही आणून दिलं. कागद फाटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी आपला विचारतोय, बाईसाहेब, भाव पडले की काय?"

तो खिडकीकडे वळला.

"त्यांनी माझा हात धरला. 'लायनेल गेला,' एवढंच म्हणाल्या. आणि माझ्या छातीवर डोकं टेकवून रडल्या. शर्ट भिजला माझा. बाकीच्यांना बागेत उन्हाला नेलं होतं. नंतर म्हणाल्या, 'तुला दिसत नाही, म्हणून रडले. कुणाला बोलू नकोस. घरात पोर आहे. मीच मोडले तर ती कुणाकडे बघेल?' मग पेपर उचलला आणि मेंढ्यांचे भाव शेवटपर्यंत वाचले."

"आणि इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिलात?"

"शब्द दिला होता. घर वेदरॉलांचं होतं तोवर पाळला. माझी नजर याच घरात परत आली, मिस फिलिपा. पट्टी सोडली तेव्हा पहिलं त्यांचंच तोंड दिसलं. मी दुसरं काय देणार होतो त्यांना?"

फिलिपा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. बाकांनी भरलेली शाळेची गाडी फाटकातून आत वळत होती. अ‍ॅम्ब्रोजने टोपी उचलली.

"जाऊ नका," ती म्हणाली. तिने रुमाल चाचपला, सापडला नाही, तेव्हा बाहीनेच डोळे पुसले. "तिने हात धरला, तिथपासून पुन्हा सांगा. सावकाश."