कुरवंड्याचा पाऊस

लोणावळ्याच्या पर्जन्य कचेरीत कॉम्प्युटर आला, त्या वर्षीची गोष्ट. गावोगावचे पाऊस मोजणारे आकडे धाडायचे, ते कार्डांवर छिद्रांनी उठायचे आणि रतनच्या प्रोग्रॅममधून टेपवर जायचे. दिवाळीनंतर टेपवरून तक्ता छापला, तर त्यातलं शेवटचं गाव कुरवंडे, आणि त्याचा भाद्रपदापासून पुढचा पाऊस कोरा.

"घरी बसून पगार खातोय नवशा," साहेब म्हणाले. "बोलवा. काढूनच टाकू."

कुरवंड्याचा पाऊस मोजणारा नवशा डोंगर उतरून आला, दाराशी चपला काढून उभा राहिला.

"काय रे, भाद्रपदात तुझा पाऊस कोकणात उतरला का?"

"न्हाई साहेब, रोज मोजलाय. धाडलाय बी." मग तो घुटमळला. "खोटं कशाला बोलू. आमची लेक बाळंत झाली, त्या दिशी सकाळी न्हाई जमलं, दुपारी मोजला. त्यानंच समदं बिघडलं आसंल. चूक माजीच. पर काम नगा काढू, पोटापाण्याचं दुसरं कायच न्हाई."

शेजारच्या टेबलापाशी रतन मान खाली घालून बसली होती. तिला सकाळीच शंका आली होती. यंत्र लिहिलेलं सगळं लगेच टेपवर नेत नाही; शेवटचं थोडं पोटात धरून ठेवतं आणि फाइल बंद करताना उतरवतं. उतरलं की नाही, ते तेव्हाच सांगतं. रतनच्या प्रोग्रॅमनं ते विचारलंच नव्हतं. फाइल बंद करायला सांगून पुढच्याच ओळीत 'काम पूर्ण' छापलं होतं.

तो प्रोग्रॅम लिहिला, तो दिवस गेल्या महिन्यातल्या संकष्टीचा होता. चंद्रोदयाआधी मळवलीला घरी पोचायचं म्हणून तिनं घाईनं ती ओळ लिहिली होती. चंद्र पाहिल्याशिवाय ती स्वतः पाण्याचा घोट घेत नसे.

"मागं बायकोचं निमित्त झालं, आता मुलीचं," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

नवशा चपलांकडे वळला.

"साहेब," रतनचा आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "साहेब, नवशाभाऊंनी पाऊस मोजला होता. तो मी हरवलाय."

साहेबांनी चष्मा काढला. "मग इतका वेळ गप्प का होतीस?"

रतन उठून कपाटाकडे गेली.

कपाटात कुरवंड्याची कार्डं जशीच्या तशी होती. तिनं प्रोग्रॅम दुरुस्त केला, सगळी कार्डं पुन्हा घातली. या वेळी यंत्राला विचारलं. उत्तर आलं: फाइल बंद झाली नाही. टेपचा शेवटच खराब होता. त्याच टेपवर पुन्हा पुन्हा बंद करून उपयोग नव्हता. नवी टेप लावून पहिल्यापासून सगळं लिहिलं, तेव्हा कुठे उत्तर नीट आलं. तक्ता निघाला. भाद्रपद भरलेला होता. साहेबांनी दाराशी थांबलेल्या नवशाचं काम कायम ठेवलं आणि त्याला नुसती मान हलवून जायला सांगितलं.

नवशा रतनपाशी आला, दोन्ही हात जोडले. "ताई, तुमच्यामुळं वाचलो. देवावानी धावून आलात."

"नका हो भाऊ, असं म्हणू नका."

"का न्हाई? माजी चूक आंगावर घेतलीत, लय उपकार झालं." आणि तो हसत चपला घालायला गेला.

रतन त्याला थांबवणार होती. पण हाक तिच्या ओठांवरच राहिली, आणि तो खिंडीच्या वाटेला लागला.