बाबांना कोण सांगणार

मार्कुसी माझा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्याचे वडील गेले आणि पाठोपाठ त्याला मुलगी झाली, म्हणून त्यांचंच नाव तिला दिलं, उलायुक. आमच्यात नाव दिलं की माणूस परत आला असं धरतात. तेव्हापासून मार्कुसी पोटच्या पोरीला बाबा म्हणतो, अहोजाहो करतो. ती त्याला पोरा म्हणते. मी तिला सासरेबुवा म्हणतो. आईच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या टोपात बसून ती मुतायची तेव्हाही म्हणत होतो.

बाबांवर कुणी आवाज चढवत नाही. बाबांना नको असं कुणी म्हणत नाही. तरीही पोरगी बिघडली नाही. समुद्रावरचा बर्फ कुठे पातळ आहे ते रंगावरून ओळखायची, सील श्वास घ्यायला वर येतो त्या बर्फातल्या भोकापाशी न हलता उभी राहायची. बर्फावर फिरून पहारा ठेवणाऱ्या गावच्या गस्तीत ती आली तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं.

त्याच वसंतात विमानातून नव्या बंदुका आल्या. लाल दस्ता, गंज न धरणारं पोलाद, चापाभोवती इतकी मोकळी जागा की जाड हातमोज्यासकट बोट आत जाईल. दक्षिणेतून आलेला अधिकारी म्हणाला, ज्यांना जुनी ठेवायची त्यांनी ठेवा, पण गस्तीवर कुठली नेणार ते आजच ठरवा. आम्ही बर्फावर एक रिकामं पिंप उभं केलं आणि सगळ्या चालवून बघू लागलो.

उलायुक तिच्या आजोबांची जुनी बंदूक घेऊन आली होती. तिचा दस्ता मानेपाशी चिरलेला. म्हाताऱ्याने त्यावर सीलच्या कातड्याची ओली वादी आवळून बांधली होती, ती वाळून हाडासारखी झालेली.

"नवी एकदा हातात तरी घ्या, सासरेबुवा," मी म्हणालो.

"घेतली की. ओठ रंगवून नाचायला निघाल्यासारखी दिसते."

"अस्वल खूश होईल."

"मग तुम्हीच न्या. तुमच्याकडे बघून कोण खूश होतं एरवी?"

सगळे हसले. तिने नेम धरला, पिंपाला भोकं पाडली. मध्येच एका बारानंतर रिकामी पुंगळी आत अडकून बसली. तिने तळहाताने बोल्टला, बंदुकीच्या मागच्या खिटीला, दणका दिला तेव्हा ती बाहेर पडली.

"म्हातारी खोकली," ती म्हणाली.

मार्कुसीने ती पुंगळी बर्फातून उचलली, उजेडात धरली. पुंगळी बाहेर ओढणारा आकडा तिची कड जिथे धरतो तिथे ती कुरतडल्यासारखी झाली होती. त्याने ती खिशात टाकली.

"कुठली नेणार, बाबा?" त्याने विचारलं.

"माझीच आहे ना ही?"

"तुमचीच."

"मग झालं."

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. "आकडा झिजलाय. तू बघितलंस. सांग तिला."

"कुणाला?"

"तुझ्या मुलीला."

तो पेल्यावर फुंकर घालत बसला. मग म्हणाला, "त्या बंदुकीवर त्यांनी आम्हा भावंडांना जगवलं. आता त्यांनी त्यांची वस्तू मागितली, तर मी नाही म्हणू?"

"मग मी म्हणतो."

"तू? त्यांच्यासमोर तू मान वर करून कधी मासा खाल्ला नाहीस."

खरं होतं. तरी मी तिला सांगितलं, पण सासऱ्याला सांगावं तसं, हसत आणि आडून. तिनेही ते हसण्यावारी नेलं.

निघायच्या सकाळी मार्कुसीने मुकाट्याने आपली लाल दस्त्याची बंदूक तिच्या घसरगाडीवर ठेवली. त्याच्यापरीने ते सांगणंच होतं. तिने ती उचलून त्याच्या हातात दिली. "पोरा, तुझी बंदूक माझ्या गाडीवर राहिली. विसरायला लागलास." तो ओशाळून हसला, आणि त्याने ती स्वतःच्या गाडीवर, ताडपत्रीखाली, घट्ट बांधून टाकली.

अस्वल भर उजेडात आलं. आम्ही भूशिराजवळ तंबू ठोकला होता, मी आत चहा उकळत होतो. उलायुकची बंदूक बाहेरच होती. तंबूच्या उबेत बंदुकीला घाम सुटतो आणि बाहेर नेली की तो घाम गोठतो, म्हणून आम्ही बंदुका बाहेरच ठेवतो. थंडीत थिजणाऱ्या तेलाचा थेंबही तिने पुसून काढलेला होता. तिची कुठेच चूक नव्हती, हे मी आजही कुणालाही सांगेन.

तिने आधी अस्वलाच्या डोक्यावरून बार काढला, रीतीप्रमाणे. ते थांबलं, मान हलवली आणि पुढे आलं. तिने बोल्ट मागे ओढला. बोल्ट आला, पुंगळी आली नाही. ती तळहाताने ठोकत राहिली.

मी बाहेर आलो तेव्हा मार्कुसी बंदूक काढायला स्वतःच्या गाडीच्या दोऱ्या सोडत होता. गाठी गोठलेल्या. त्याने ते सोडून दिलं आणि रिकाम्या हातांनी धावला.

"बाबा, मागे व्हा," तो ओरडला. तेव्हाही अहोजाहो.

तो मध्ये पडला. माझी लाल दस्त्याची बंदूक तंबूच्या तोंडाशी उभी होती. मी बार काढले. अस्वल त्याच्या अंगावरच कोसळलं.

दक्षिणेच्या डॉक्टरांनी त्याचा उजवा हात वाचवला. हात आहे, पण बोटं मिटत नाहीत. सीलच्या भोकापाशी त्याच्याइतका स्थिर उभा राहणारा आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. आता तो खिडकीशी बसतो, आणि उलायुक त्याच्या आणि आपल्या, अशा दोन घरांसाठी शिकार आणते. त्याच्यासाठी मांसाचे लहान तुकडे तीच करते.

जुनी बंदूक तिने मोडली नाही, समुद्रातही टाकली नाही. ती मार्कुसीच्या बाहेरच्या पडवीत लाल दस्त्याच्या बंदुकीशेजारी टांगलेली आहे. शिकारीला निघताना उलायुक दर वेळी दारात थांबते. परवा मी तिथेच होतो.

"पोरा, आज कुठली नेऊ?" तिने विचारलं.

कुठली न्यायची ते तिला ठाऊक आहे. त्या दिवसापासून तिने जुनीला हात लावलेला नाही. पण ती विचारते, आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

मार्कुसीने खिडकीतून बर्फाकडे बघितलं. ओठ हलले त्याचे. मला वाटलं, आज म्हणेल, जुनी नको.

"तुम्हाला ठीक वाटेल ती न्या, बाबा," तो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ थांबली. मग अंगरख्याचा टोप डोक्यावर ओढला आणि बाहेर पडली.