पेन्सिलीचे आकडे

“अगं, तिच्या हातातलं खोडरबर काढ आधी! तोंडात घालेल!”

स्टेजवरून आईंचा आवाज आला आणि अख्खं सभागृह माझ्याकडे वळून बघायला लागलं. माझ्या मांडीवरच्या लेकीनं, ढमीनं, खोडरबर खरंच ओठांपर्यंत नेलं होतं. मी ते हिसकावून घेतलं, तिनं भोकाड पसरलं. माइकवाले गृहस्थ हसून म्हणाले, “आजीबाई, लक्ष कोड्याकडे असू द्या.”

“माझं लक्ष दोन्हीकडे असतं,” आई म्हणाल्या.

लोक हसले. मला हसू येईना. दोन्हीकडे असतं की नाही, तेच तर बघायला मी पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नोकरीची सगळी वर्षं त्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभ्या होत्या. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की चिठ्ठी घेऊन जिने चढून वर जायच्या. रांगेतले लोक खाली बोंबलत राहायचे. “अंदाजानं औषध देत नाहीत,” एवढंच त्यांचं उत्तर. निवृत्त झाल्या आणि सुडोकूनं त्यांना धरलं. आज शहराच्या स्पर्धेत शेवटच्या तिघांत त्या होत्या.

आणि सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं. ढमी आजीपाशी राहणार, हे ती जन्मायच्या आधीच ठरलेलं. पण मागच्या आठवड्यात मी आंघोळ करून बाहेर आले तर घरभर धूर. दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालेला, आणि आई बाल्कनीत पेन्सिल घेऊन शांत बसलेल्या. “गॅस मी बंद केला होता,” त्या ठामपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत, हळूच, “केला होता ना गं?”

“होतं एखाद वेळी. तू नाही मीठ विसरत?” नवरा म्हणाला. नणंदेनं मात्र फोनवर आवाज खाली करून सांगितलं, “वहिनी, पाळणाघर बघून ठेव. आईची मुलगी असून सांगतेय.”

मी बघून आले होते. घरी कुणाला बोलले नव्हते. आणि आज सकाळी आईंच्या पिशवीत पेन्सिली भरताना मनाशी एक पैज लावून टाकली होती: आईंनी शेवटचं कोडं सोडवलं, तर ढमी घरीच राहील. एवढी शिकलेली बाई मी, पण पोरीची काळजी लागली की डोकं असंच चालतं.

घंटा वाजली.

तिघांसमोर तीन भलेमोठे कागद, प्रत्येक घर तळहाताएवढं. एक ते नऊ आकडे. आडव्या ओळीत, उभ्या रांगेत, नऊ घरांच्या चौकटीत प्रत्येक आकडा एकदाच. खात्रीचा आकडा जाड पेनानं, शंकेचे आकडे कोपऱ्यात पेन्सिलीनं. आईंच्या डावीकडे चष्मेवाल्या बाई. उजवीकडे गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तरुण. तो नुसता सुटला होता. आई मात्र प्रत्येक घरापुढे थांबून, मान तिरकी करून, कोपऱ्यात आकडे मांडत होत्या. पूर्वी गोळ्या मोजताना अशीच मान तिरकी करत असणार.

हे सगळं मला वाचता येत होतं, कारण ढमी पोटात असताना मला अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. मी भीतीनं छताकडे बघत राहायचे. आईंनी एक दिवस हातात पेन्सिल दिली. “काळजी करायचीय ना, मग नीट रांगेत लावून कर,” म्हणाल्या. एक्स-विंग नावाची सुडोकूतली एक युक्ती असते, तिला त्या टेबल म्हणायच्या. दोन ओळी, दोन रांगा, चार पाय. त्याहून अवघड, तीन ओळींत पसरणारा, तो तलवारमासा. “हा लवकर गळाला लागत नाही,” असं म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे.

पुढच्या थोड्या वेळात तिघंही एकाच ठिकाणी येऊन अडकले. सातव्या ओळीतलं एक घर. कोपऱ्यात दोनच आकडे, तीन आणि सात. ते सुटलं की सगळं घडाघडा सुटणार, हे मलासुद्धा दिसत होतं. पण तीन की सात?

हेडफोनवाल्यानं खांदे उडवले आणि पेनानं ठोकून दिला तीन. नुसता अंदाज! आणि सुटलाच की तो. एकामागून एक घरं भरायला लागला.

आई थांबलेल्याच. हात खाली. नजर कागदावर, पण नजरेत काही दिसेना. पातेलं जळत होतं तेव्हा त्या अशाच बसल्या होत्या.

“लिहा ना हो आजी, काहीतरी लिहा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“अंदाजानं औषध देत नाहीत,” मी पुटपुटले. ढमीनं माझ्या गालावर चापट मारली.

तेवढ्यात आईंची पेन्सिल हलली. दुसऱ्या ओळीतल्या एका सातावर टेकली. मग त्याच ओळीतल्या दुसऱ्या सातावर. त्या ओळीत सातला दोनच जागा. पेन्सिल खाली आली, पाचव्या ओळीत. तिथेही दोनच. टेबल? नाही, एक पाय जुळत नव्हता. एक रांग वेगळी होती. आईंनी मान तिरकी केली, आणि माझी नजर आठव्या ओळीवर गेली. दोन सात! आणि सहाच्या सहा घरं त्याच तीन उभ्या रांगांत!

“तलवारमासा!” मी उभीच राहिले.

“बसा हो ताई, मदत चालत नाही,” माइकवाले गरजले. मी मटकन बसले. पण आईंनी त्याआधीच खोडायला सुरुवात केली होती. तीन ओळींचे तीन सात याच तीन रांगा अडवणार, मग त्या रांगांत इतर कुठेच सात येणार नाही. एक सात गेला. दुसरा गेला. सातव्या ओळीतल्या त्या घराच्या कोपऱ्यातला सात गेला. उरला तीन.

आईंनी पेन उचललं, तीन लिहिला, आणि मग जे काही सुरू झालं! चार, नऊ, एक, सहा. हात थांबेना. मागचे लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले. ढमी माझ्या मांडीवर उड्या मारत होती, की मीच तिला उडवत होते, कोण जाणे. हेडफोनवाल्यानं हात वर केला आणि पाठोपाठ, शेवटचा आठ लिहून, आईंनीही.

तो पहिला, आई दुसऱ्या. मला काही फरक पडत नव्हता. मी पैज जिंकले होते.

“त्यानं ठोकून दिलं हो नुसतं!” बाहेर पडताना मी म्हणाले.

“बरोबर निघालं त्याचं,” आई म्हणाल्या. “पोरगा हुशार आहे. पण दर वेळी निघत नाही गं.”

घरी आल्यावर त्यांनी तो मोठा कागद जमिनीवर पसरला आणि कोपऱ्यांतले पेन्सिलीचे आकडे खोडायला बसल्या. कोडं सुटलं की हे त्यांचं नेहमीचंच. दवाखान्यातही काउंटर पुसल्याशिवाय त्या खिडकी बंद करायच्या नाहीत. मी अजून हवेतच होते.

“आई, सोमवारी ढमीचं दूध कधी द्यायचं, झोप कधी, सगळं तुम्हाला आजच दाखवून ठेवते.”

“पाळणाघर चांगलं आहे का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी ढमीला खाली जमिनीवर सोडलं.

“भाजीला म्हणून गेलीस आणि रिकामी पिशवी घेऊन आलीस. मला काय कळत नाही?”

“पण आई, आज तुम्ही... सगळ्यांसमोर...”

“आजचं सगळं कागदावर समोर होतं, बाई.” खोडरबर थांबलं. “गॅसचं तसं नाही. बंद केला, नाही केला, दोन्ही कोपऱ्यात दिसतात मला. आणि हल्ली त्यातलं एकही खोडता येत नाही.” त्यांनी पुन्हा खोडायला घेतलं. “तू संध्याकाळी आलीस की ढमीला दे माझ्याकडे. तू घरात असताना.”

तेवढ्यात ढमी रांगत कागदावर पोचली आणि खोडरबराचा चुरा तिनं मुठीत धरला. आईंनी मूठ अलगद पकडली. एकेक बोट उघडून चुरा टिपून घेतला. मग तिची हनुवटी धरून तोंडात बघितलं, काही गेलं नव्हतं.

त्यांनी आणखी एकदा बघितलं.