सात वेढे

“नीट पारखून घ्या मिस्त्री. रंग फासलेली म्हातारी नको माझ्या गळ्यात पडायला,” नर्सरीवाला म्हणाला.

“म्हातारा तर मीही आहे. मला बरं आणलंत बरोबर!” ट्रॅक्टरच्या पोटाखालून मिस्त्रींनी उत्तर दिलं. दोघं हसले. शेडच्या दारात उभ्या असलेल्या बाई हसल्या नाहीत.

ट्रॅक्टर त्यांच्या नवऱ्याचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी फळबागेच्या ओळींतून फिरेल असा हा लहानसा ट्रॅक्टर हौसेनं घेतला होता. वर्षापूर्वी याच शेडमध्ये ते त्याच्या मागच्या चाकाखाली सापडून गेले. तेव्हापासून तो ताडपत्रीखाली उभा होता. आज गिऱ्हाईक आलं होतं.

मिस्त्रींनी ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं, पुढचं चाक धरून गदागदा हलवलं, रेडिएटरच्या पाइपावरून वैद्यासारखा अंगठा फिरवला. “पुढचे बुश गेलेत, पाइप बदला. बाकी हाडं मजबूत आहेत,” असं म्हणत त्यांनी बरोबर आणलेली बॅटरी जोडली आणि मागच्या दोन्ही चाकांपुढे दगड सरकवले. परक्याचं यंत्र सुरू करण्याआधी चाकाला अडण लावायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय.

ते हात पुसायला वळले आणि नर्सरीवाल्याला दम निघाला नाही. त्यानं खाली उभ्याउभ्याच आत हात घालून किल्ली फिरवली. ट्रॅक्टरनं एकदम पुढे उसळी घेतली, तो दगडावर आदळला आणि बंद पडला.

“अरे बाप रे! गिअरमध्येच होता की हा! मेलो असतो आज.”

“असंच झालं होतं,” बाई चौकट धरून म्हणाल्या. “हेही तिथेच उभे होते. तसेच.”

गिअर पडलेला असो वा नसो, पायाखालचा क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊच नये, म्हणून या ट्रॅक्टरला एक बटण असतं. ते बटण कुठे गेलं? टॉर्च घेऊन मिस्त्री पुन्हा खाली आडवे झाले. बटणाच्या जागी दोन वायरी एकमेकींना पिळून जोडल्या होत्या. वर टेप, आणि टेपवर शिवणकामाच्या काळ्या दोऱ्याचे सात वेढे. उन्हात टेप सुटते म्हणून वरून दोरा बांधायचा, हे मिस्त्रींना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. पंचक्रोशीत दुसरं कुणीही तसा दोरा बांधत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बटण तुटलं, तेव्हा बागेत फवारणीची घाई होती. “आठ दिवसांपुरतं जोडून दे रे,” मास्तर म्हणाले होते. नवं बटण वेळेवर आलंही. पण त्याच दिवशी दुसऱ्याचा ट्रॅक्टर अडून बसला होता. मिस्त्रींनी ते त्याला बसवलं. मास्तरांसाठी दुसरं मागवू म्हणाले आणि कामाच्या रगाड्यात विसरले. अपघाताची बातमी आली तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण ट्रॅक्टर तपासायला ते आले नाहीत. सांत्वनाला आले, मागच्या रांगेत उभे राहिले आणि निघून गेले.

खिशात पक्कड होती. एक वायर तोडली, दोरा मुठीत घेतला, की संपलं. देवाशिवाय कुणालाही कळलं नसतं. तोच तर घोटाळा होता.

“घेऊन जा एकदाचा,” बाई नर्सरीवाल्याला सांगत होत्या. “आमचे हे पहिल्यापासूनच विसरभोळे. कितीदा म्हटलं, गिअर बघत जा. मुलगा तर अजून रागात आहे. म्हणतो, बाबांनी आपल्या हातानं ओढवून घेतलं. त्यांचा फोटोही लावू दिला नाही त्यानं.”

मिस्त्री बाहेर आले.

“वहिनी, गिअर विसरला तरी हा सुरू व्हायला नको होता.”

“म्हणजे?”

“माणूस विसरतो, म्हणून एक बटण असतं याला. ते मी काढलं. वायर मी जोडलीय. नवं आलं, तर दुसऱ्याला देऊन टाकलं.”

“मिस्त्री, काय बोलताय!” नर्सरीवाला पुटपुटला. “जाऊ द्या ना, वर्ष झालं...”

बाई ट्रॅक्टरकडे वळल्या. त्यांनी विचारलं, “त्यांना माहीत होतं?”

“आठ दिवसांपुरतं, एवढंच माहीत होतं. बटण आलं हे मी त्यांना कळवलंच नाही.”

त्या ओरडतील, निदान एक शिवी तरी हासडतील, असं मिस्त्रींना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी पदरानं तोंड टिपलं, कमरेचा फोन काढला आणि नंबर लावला.

“हे माझ्या मुलाला सांगा. आत्ताच. मी सांगितलं तर म्हणेल, आई बाबांची बाजू घेतेय.”

मिस्त्रींनी हात पुढे केले. दोन्ही कोपरापर्यंत काळे, तेलानं माखलेले. ते कशाला पुसावेत, त्यांना सुचेना. बाईंनीच पुढे होऊन फोन त्यांच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

“हं, बोल आई,” पलीकडून आवाज आला.