थरथर नेमकी कोणाची

तुम्ही जीपगाडीत बसता, दार ओढून घेता, पाण्याची बाटली कुठे ठेवली ते शोधता. त्या वेळी तुमच्या पायाखालच्या पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला मी असतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब, गोल, पोकळ दांडा. मेकॅनिक लोक मला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. बाकी कोणी मला काही म्हणत नाही, कारण बाकी कोणी मला पाहिलेलंच नसतं.

गाडी धुतली की बॉनेट चमकवतात, काचा पुसतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हार बॉनेटला आणि निळा झेंडाही तिथेच. माझ्या वाट्याला रस्त्याची धूळ आणि वर्षातून दोनदा ग्रीस. तक्रार करत नाही, पण कुठेतरी सांगून ठेवलेलं बरं.

माणसं मला पायांवरून ओळखू येतात. ज्याला मला भेटायचं असतं त्याला मात्र जमिनीवर उताणं पडावं लागतं. गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाला मोठेपणा मिरवता येत नाही. म्हणून तिथे तो खरं बोलतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मला यंत्रावर गरागरा फिरवून पाहिलं, जिथे हलका वाटलो तिथे लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. मी एकसंध नाही. माझे दोन भाग आहेत आणि एक दुसऱ्यात सरकतो, आतल्या खाचांमधून. त्या दोन्ही भागांवर एकेक बाण ठोकला. हे दोन बाण समोरासमोर असले तरच मी गप्प फिरतो. एखादी खाच इकडची तिकडे झाली, की पन्नासच्या वेगापुढे मला थरथर सुटते. मग कितीही ठरवलं तरी ती थांबवणं माझ्या हातात नाही.

पहिली अकरा वर्षं मी रायपूरजवळच्या अभनपुरच्या एका धान व्यापाऱ्याकडे काढली. पोती, पोती आणि पुन्हा पोती. मग तिथून गुलाबरावांनी गाडी घेतली.

गुलाबराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. मूळचे वर्ध्याकडचे, पण आता पक्के रायपूरवाले. कारखान्यात दुरुस्त झालेला डबा रंग लागल्याशिवाय बाहेर जात नसे. ती सवय त्यांनी निवृत्तीबरोबर घरी आणली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते गाडी घेऊन नागपूरला जात. मधल्या सीटवर पत्नी कांताबाई, शिवाय विहारातल्या चार-पाच जणी. निघायच्या आधीच्या आठवड्यात गुलाबराव काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गाडीखाली शिरत आणि पुढून मागपर्यंत सगळं रंगवत. मलाही.

मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत माझ्या अंगावरून कोणी इतक्या मायेने ब्रश फिरवला नव्हता. एकावर एक रंगाचे सात हात चढले आणि माझे दोन्ही बाण त्याखाली बुजून गेले. कौतुकाच्या नादात मीही त्यांचा विचार केला नाही. थोडं माझंही चुकलंच म्हणा.

गेल्या हिवाळ्यात क्लच प्लेट बदलायला गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. तिथल्या फिटरने मला खाली उतरवलं आणि माझे दोन भाग सुटे झाले. परत जोडताना त्याने खूण शोधली. फडक्याने पुसून पाहिलं, तर सगळं काळंच काळं. त्याने अंदाजाने एक भाग दुसऱ्यात सरकवला, बोल्ट आवळले आणि चहाला गेला.

त्या दिवसापासून पन्नासच्या पुढे मी थरथरायला लागलो. माझी थरथर गिअरबॉक्समध्ये शिरायची आणि तिथून वर गिअरच्या दांड्यात चढायची. गुलाबरावांची जुनी सवय अशी, की गिअर बदलून झाला तरी डावा हात दांड्यावरच ठेवायचा. पहिल्या दिवशी महामार्गावर त्यांची नजर खाली गेली आणि त्यांना आपला डावा हात थरथरताना दिसला.

त्यांनी गाडी हळू केली. हात थांबला. गुलाबराव त्यानंतर होता होईल तो चाळिसाच्या वर गेले नाहीत; कधी नाइलाजाने गेलेच, की हात पुन्हा थरथरायचा.

असं का, ते मला महिन्याभराने कळलं. ग्रीस भरायला ते गाडीखाली आले होते. ग्रीस भरून झालं तरी निघेनात. उताणे पडून माझ्याकडे बघत होते.

"आता तुले विकाव लागते, बाप्पा," ते म्हणाले. "माहा हात कापून राहिला. दादाचाही पह्यले डावाच हात कापे."

त्यांचे थोरले भाऊ शेवटची सहा वर्षं कंपवाताने अंथरुणाला खिळले होते. चमचासुद्धा दुसऱ्याने धरावा लागे. गुलाबरावांनी त्यांची सेवा केली होती, म्हणून त्यांना सगळं माहीत होतं. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. एकदा डॉक्टरने नाव घेतलं की ते दुखणं खरं होईल, अशी भीती. घरी चहाचा कप धरला तरी ते हाताकडे टक लावून बघत, आणि इतकं टक लावून बघितलं की कोणाचाही हात थोडा हलतोच.

मला ओरडून सांगायचं होतं, की अहो, तुमचं काही नाही, हे माझं आहे. पण मला भाषा एकच येते, थरथरण्याची. आणि त्यांनी तिचाच उलटा अर्थ लावला होता. त्या दिवसांइतका लाचार मी कधीच झालो नाही.

घरात त्यांनी एवढंच सांगितलं, की गाडी जुनी झाली, आता काढून टाकू. भिलाईहून मुलगा राकेश फोनवर म्हणाला, "ठीक है पापा, निकाल दो." धमतरीचं एक गिऱ्हाईक ठरलं. रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होतं.

शुक्रवारी अभनपुरला एका नातलगाकडे जेवण होतं. परत येताना रस्ता मोकळा होता, पण मागे एक ट्रक लागला आणि हॉर्नवर हॉर्न मारू लागला. गुलाबरावांना नाइलाजाने वेग वाढवावा लागला. पन्नास. साठ. मी सुरू झालो.

कांताबाई नेहमीप्रमाणे मधल्या सीटवर होत्या, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. गाडीत बसल्या की त्या चप्पल काढून पाय पत्र्यावर टेकवतात.

"वाढलं पाहा हे आजकाल," त्या सहज म्हणाल्या.

"काय वाढलं?"

"हे थरथरणं. हिवाळ्यापासून होऊन राहिलं ना."

गुलाबरावांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ट्रक शिव्या घालत पुढे निघून गेला.

"तुले जाणवते?"

"पंचवीस वर्षं शिलाई मशीन मारली म्या. पट्टा बिघडला की हातांच्या आधी पायाले समजे. मले नाई जाणवन त कोणाले जाणवन?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मले वाटलं तुमाले माहीत असन. गाडीचं त तुम्हीच पाहता."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. इंजिन बंद झालं. मग गुलाबरावांनी सगळं सांगितलं. हाताचं, दादाचं, गाडी विकण्यामागचं खरं कारण. अडखळत सांगितलं, पण काही मागे ठेवलं नाही.

कांताबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या चिडल्या. "तुमचा हात कापून राहिला असता, त माह्या पायाखालचा पत्रा कायले थरथरला असता? अन् चार महिने एकटेच घेऊन बसले हे? मी घरात कायले आहो मंग?"

गुलाबरावांनी गाडी पुन्हा सुरू केली, पण घरापर्यंत चाळिसाच्या आतच ठेवली. त्यांचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. जी भीती चार महिने उशाशी घेऊन झोपलात, ती एका वाक्याने कशी जाईल?

शनिवारी शोध सुरू झाला. आधी टायरवाल्याकडे जाऊन चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. थरथर तशीच. मग इंजिनाखालचे रबर बदलले. तरी तशीच. मी प्रत्येक वेळी साठला जीव तोडून थरथरत होतो, की अरे, इकडे बघा, मधे बघा. संध्याकाळी गुलाबराव खचून म्हणाले, "पाह्य, गाडीत काही सापडत नाई. म्हणजे मीच."

"माहे पाय खोटं बोलत नाईत," कांताबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी धमतरीवाल्याचा फोन आला, तो कांताबाईंनीच उचलला. "आज येऊ नका भैया," त्या म्हणाल्या, "गाडी दवाखान्यात आहे." आणि मग त्या गुलाबरावांना घेऊन रायपुरातल्याच भनपुरी भागात इंद्रजीत मेकॅनिककडे निघाल्या.

इंद्रजीतचे वडील वॅगन कारखान्यात गुलाबरावांबरोबर होते. तो स्वतः दिवसभर ट्रकांच्या पोटाखाली असतो, माझ्यासारख्या शाफ्टांचीच कामं करतो. त्याने आधी गाडी स्वतः चालवून पाहिली. साठला नेली आणि गिअर काढून न्यूट्रलवर सोडली. मी थरथरतच होतो.

"काका, न्यूट्रलवरही हालून राहिली, म्हणजे इंजिन नाई," तो म्हणाला. "स्टेअरिंग शांत आहे, म्हणजे समोरचे चाकं नाई. खाली पाहू द्या मले."

तो आला, उताणा पडला आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला नीट धरून पाहिलं. माझे सांधे हलवले. ढिले नव्हते. मग त्याचा अंगठा माझ्या अंगावरच्या जाड रंगावरून फिरला आणि थांबला.

"काका, याले रंग कोणं मारला?"

"म्या," बाहेरून गुलाबराव अभिमानाने म्हणाले. "दरसाली मारतो."

इंद्रजीतने थिनर आणि पातं मागवलं. खरवडताना गुदगुल्या होतात, हे मला तेव्हाच कळलं. एक थर गेला, दुसरा गेला, आणि एक बाण दिसला. मग दुसरा. दोघांमध्ये बोटभर अंतर होतं.

"या काका, पाहून घ्या तुमची बिमारी."

गुलाबराव दुखरे गुडघे विसरून गाडीखाली आले. दोघे शेजारी शेजारी पडून माझ्याकडे बघत होते. इंद्रजीतने बाणांचा अर्थ सांगितला.

"म्हणजे खूण म्याच झाकली," गुलाबराव हळूच म्हणाले.

"झाकली तुम्ही, चूक जोडणाऱ्याची. अर्धी-अर्धी वाटून घ्या."

गुलाबराव हसायला लागले. आधी थोडं, मग इतकं, की त्यांचं पोट वरच्या पाइपला लागायला लागलं. हसता हसता डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहत होतं. उताण्या माणसाचं तसंच होतं. "कांता, इकडं ये, पाह्य जरा."

"आता मी काय तिथं झोपू?" कांताबाई म्हणाल्या, पण मोबाइलचा टॉर्च लावून त्या वाकल्या आणि त्यांनीही मला पाहून घेतलं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. मला सोडवलं, बाणासमोर बाण आणला, ताजं ग्रीस भरलं, परत बसवलं. मग रस्त्यावर साठ. सत्तर. मी फिरत होतो आणि मलाच माझा पत्ता लागत नव्हता. गिअरच्या दांड्यावरचा हात स्वस्थ होता.

"गेलं," मधल्या सीटवरून कांताबाई म्हणाल्या.

धमतरीवाल्याला नाही म्हणून कळवलं. तरीही कांताबाई गुलाबरावांना डॉक्टरकडे घेऊन गेल्याच. डॉक्टरांनी लिहायला लावलं, चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, आणि तसं काही नसल्याचं सांगितलं. परत येताना गाडी चौकात सिग्नलला थांबली होती. तेव्हा वर झालेलं बोलणं मी ऐकलं.

"आज नाई," गुलाबराव म्हणाले. "पण उद्या खरंच झालं तर?"

"तर मले सांगा. लपवू नका. मंग गाडी मी चालवीन."

"तू?"

"काहून? मशीन पायानंच चालवली ना इतके वर्षं."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलल्या असतील. पण कांताबाईंनी लर्निंग लायसन्स काढलं. वय एकसष्ट.

आता माझं बरं चाललंय. वय झालंय, खाचा थोड्या झिजल्यात, पण अजून काही वर्षं नक्की निघतील. या वर्षीही गुलाबरावांनी रंगाचा हात मारला, बाण तेवढे मोकळे सोडून.

रविवारी सकाळी आम्ही रिकाम्या रस्त्यावर जातो. कांताबाई स्टेअरिंगवर बसतात आणि क्लच असा सोडतात, की माझी हाडं खिळखिळी होतात. धक्का, आचका, गाडी बंद. परत सुरू, परत आचका. ही थरथर मात्र मला गोड लागते, कारण ती कोणाची आहे हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा एवढंच मागणं. रायपूरच्या एखाद्या रस्त्यावर एक जुनी जीप आचके देत हळूहळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न मारू नका. आत एक बाई गाडी शिकते आहे, आणि तिच्या शेजारचा माणूस कितीतरी महिन्यांनी निर्धास्त बसला आहे.