आंधळगावचं पाणी

आमच्या फाटकावरची पाटी वाचायला पोस्टमनसुद्धा थांबतो. वर डॉ. बायजाबाई, एम. ए., पीएच. डी., निवृत्त मुख्याध्यापिका. खाली डॉ. अश्वजित, पीएच. डी., भौतिकशास्त्र. त्याखाली डॉ. तृप्ती, एम. डी. आणि सगळ्यात शेवटी नुसतंच मनिष. तो मी. पाटीवाल्याने विचारलं होतं, यांच्यापुढे काय टाकू? मी म्हणालो, जागा सोडा. त्या डिग्र्यांच्या रांगेत मी लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या आचाऱ्यासारखा दिसतो.

आणि आचारी तर मी आहेच. तृप्ती माझी बायको, अश्वजित तिचा मोठा भाऊ, बायजाबाई माझ्या सासूबाई. भंडाऱ्यात मी त्यांच्याच घरी राहतो, स्वयंपाक करतो, भाजी आणतो, दळण नेतो. घरजावई म्हणा, खुशाल म्हणा. माझ्या गावात, आंधळगावात, याहून वाईट शब्द वापरतात. बी. ए.ला दोनदा आपटलेला शेतकऱ्याचा पोरगा एका डॉक्टरणीला काय पाहून आवडला, ते तिलाच विचारा. मी विचारलेलं नाही. उगाच ती विचार करायला लागली तर पंचाईत.

या घरात देव नाहीत, पुस्तकं आहेत. जेवताना प्रत्येकाने आज नवीन काय कळलं ते सांगायचं, असा आईंचा नियम. सासूबाईंना मी आईच म्हणतो. अश्वजित दादा काहीतरी प्रकाशाबद्दल सांगतात, तृप्ती एखाद्या दुर्मिळ तापाबद्दल. माझी पाळी आली की मी वांग्याचा भाव सांगतो आणि तिघंही मन लावून ऐकतात. त्या ऐकण्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोणी हसलं असतं, टाकून बोललं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

एकदा जेवताना आईंनी त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगितली. तहान लागली की ओंजळ पुढे करायची आणि शिपाई वरून पाणी ओतायचा, भांड्याला हात लागू नये म्हणून. मी वांग्याचा भाव सांगतो तितक्याच सरळपणे त्यांनी ते सांगितलं. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी बाजारातून स्वतःसाठी एक पितळेचा गिलास घेतला, अजून त्यातूनच पाणी पितात. मी मान वर केली नाही. आमच्या ओट्यावरही मजुरांना तसंच पाणी दिलं जायचं, हे मला आठवत होतं.

माझ्यावर चिडायचं काम माझ्या बाबांकडे होतं. केवळराम त्यांचं नाव. मी बौद्धाच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं तेव्हा ते फक्त एवढं म्हणाले, "त्या घरचं पानी माह्या घशाखाली उतरनार नाही." आणि बोलले तसे वागले. मात्र दर वर्षी उन्हाळी धान निघालं की ते एसटीने तांदळाचं पोतं घेऊन भंडाऱ्याला यायचे, ऑटोने फाटकापर्यंत, आणि फाटकाच्या बाहेर उभं राहून मला हाक मारायचे. मे महिन्यात, भर दुपारी. पहिल्या वर्षी तृप्ती पाण्याचा गिलास घेऊन गेली. बाबांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "तहान नाही," म्हणाले. आई खिडकीतून बघत होत्या. बाबांचा तांदूळ आम्ही वर्षभर खायचो आणि आमचं पाणी त्यांना चालत नव्हतं. मला बाबांचा इतका राग यायचा की ते पोतं आत ओढताना मी त्याला लाथ मारायचो.

यंदा ते आले नाहीत. आंधळगावाहून शेजारच्या सोमाजीचा फोन आला. मळणीवर बाबा कोसळले होते, लकव्याने. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. माझी स्वतःची आई मी लहान असतानाच वारलेली, भावंडं नाहीत. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा त्यांना न्यायला जगात एकच घर होतं. त्यांना कुठे नेता म्हणून विचारता येत नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. स्ट्रेचरवरून फाटकातून आत येताना त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आपण आपल्याच बापाला पळवून आणतोय.

समोरच्या खोलीत खाट टाकली. गिळता येत नसल्यामुळे नाकातून नळी होती. तृप्तीने माठातलं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये ओढलं.

"थांब वं," आई दारातून म्हणाल्या. "ज्यानं आपल्या फाटकात उभं राहून पानी घेतलं नाही, त्याच्या नाकातून वतनार हायेस का तू?"

"आई, ते पेशंट आहेत. पाणी नाही गेलं तर किडनी..."

"पेशंट असतीन. पन मानूस बी हाये. मनिष, विचार त्याईले."

मी वाकलो. "बाबा, इथलं पाणी देऊ का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा तसाही गळत असतो, असं तृप्तीने आधीच सांगितलं होतं. मग त्यांनी डोळे मिटले. हो म्हणून मिटले की नाही म्हणून, कोणाला कळलं नाही.

"हो नाही म्हनलं ना? मंग नाही," आई म्हणाल्या. "त्याईच्या विहिरीचं आना."

तोवर दवाखान्यातून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर भागवलं. अश्वजित दादा कॉलेजातून आले आणि त्यांना हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज गल्लीत गेला असेल.

"आई, तू शुद्धीवर आहेस का? वीस मार्चले आपण पाण्याच्या हक्कावर भाषणं देतो अन् आता याच मानसासाठी आंधळगावाहून पाणी वाहाचं? आपल्या माठात काय जहर आहे? मी नाही कोनाचा पाणक्या!"

मी भिंतीला टेकून उभा होतो. दादांचा शब्द न् शब्द खरा होता. मी कोणाच्या बाजूने बोलणार?

"त्याले बोलता आलं असतं तं मी रोज भांडली असती," आई म्हणाल्या. "सोडलंच नसतं. पन त्याची वाचा गेली. मुक्या मानसासंग भांडून जिंकाची मले लाज वाटते. माह्या आजीले कोनी विचारून पानी देलं नाही, अश्वजित. मी विचारीन."

दादा ताटावरून उठून गेले. सकाळी मी कॅन घेऊन बाहेर पडलो तर त्यांची स्कूटर नव्हती. दोन तासांनी ते परत आले, पायांमध्ये पाण्याने भरलेली कॅन, शर्ट चिखलाने माखलेला. एरवी दादा गाडी अशी हाणतात की मागे बसणारा देवाला न मानणारा असला तरी हात जोडतो. त्या दिवशी पाणी हिंदकळू नये म्हणून बैलगाडीच्या चालीने आले. जेवताना त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "आज मला कळलं की मला विहिरीतून बादली ओढता येत नाही. अर्ध्यावर येते अन् दोर सुटतो." मग प्रयोगशाळेत तपासलेल्या त्या पाण्याचा अहवालच वाचला. क्षार जास्त होते, उकळून द्या म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि कणकेच्या परातीवर वाकून रडलो. आई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कायले रडून राहिला?"

"तुमच्या घरात मी काहीच केलं नाही, आई. काही झालोही नाही. आणि तुम्ही माझ्या बापासाठी..."

"नाही झाला. मंग?" त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतोय ते. "घरात राहाले काय परीक्षा देऊन नंबर लावा लागते? कनिक पाह्य, पातळ झाली."

इतकी वर्षं मी ज्या निकालाची वाट पाहत होतो तो कधी लागणारच नव्हता, कारण परीक्षाच नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण समोरच्या खोलीत बाबा छताकडे बघत पडले होते आणि त्यांना यातलं काही सांगायची सोय नव्हती.

मग तो नेमच झाला. कधी दादा, कधी मी, रविवारी तृप्तीसुद्धा. आंधळगावात लोक ओट्यावर बसून बघायचे, डॉक्टरीणबाई विहिरीवर पाणी भरतेय. त्याच पाण्यात मी बाबांच्या तांदळाची पेज शिजवायचो. घरात दोन पाणी होती, माठातलं आमचं आणि कॅनमधलं त्यांचं, आणि मी दोन्हींच्या मधे. वाटायचं, बाबांनी एकदा माझ्या थोबाडीत मारावी, पण काहीतरी सांगावं.

पुढे गिळणं थोडं जमू लागलं. तृप्तीने नळी काढली आणि म्हणाली, आता चमच्याने पाणी देऊन बघू. मी कॅनमधलं पाणी वाटीत घेतलं. चमचा ओठांशी नेला. बाबांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, आपल्या विहिरीचं आहे. आंधळगावचं."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी चमचा डाव्या हाताने उडवून दिला. मी हात जोडले, ओरडलो, बाहेर जाऊन फाटकाला लाथ मारली. बाबांची जीभ कोरडी पडत चालली होती. तृप्तीने नाडी पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली. "उद्या पुन्हा नळी टाकावी लागेल," ती हळूच म्हणाली. "मधे एकदा ओढून काढली होती त्यांनी. हात बांधावा लागेल, मनिष." डॉक्टर, प्रोफेसर, मुख्याध्यापिका, सगळे त्या खाटेभोवती उभे होते आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी कोणाला घालता येत नव्हतं. स्वतःच्या बापाचा हात खाटेला बांधायचा, एवढंच माझ्याने होण्यासारखं उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेपाशी हात बांधायची कापडाची पट्टी घेऊन बसलो होतो. तृप्ती हात धुवायला गेली होती. आई रोजच्यासारख्या जेवण करून आल्या, माठातून आपला पितळेचा गिलास भरला आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसून पाणी पिऊ लागल्या. बाबांचे डोळे त्या गिलासावर गेले. तिथून हलले नाहीत.

आईंनी गिलास खाली घेतला. "हे आमचं पानी हाये, इवाई," त्या म्हणाल्या. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. आजवर त्यांनी बाबांना कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती. "तुमचं त्या कॅनमंधी हाये."

बाबांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. हळूहळू वर आला, उताणा झाला आणि बोटं जुळवून त्याची अर्धी ओंजळ झाली. उजवा हात येणार नव्हता. तो त्यांनी मनातून उचलला असेल, खांदा तेवढा हलला.

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मी माझा हात त्यांच्या हाताला लावला आणि ती ओंजळ पुरी केली. बापलेकांची ओंजळ माझ्या सासूसमोर, पाण्यासाठी.

आई उठल्या. माठाजवळ जाऊन गिलास विसळला, पुन्हा काठोकाठ भरला आणि खाटेच्या कडेला येऊन बसल्या. ओंजळीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हात खाली घ्या दोघंई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी वरून कोनी वतत नाही."

त्यांनी एक हात बाबांच्या मानेखाली घातला, डोकं उचललं आणि आपला गिलास त्यांच्या ओठांना लावला. निम्मं पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. बाबांना ठसका लागला. दारातून तृप्ती धावत आली, "हळू, आई, हळू!" म्हणत. ते मनाने प्यायले की तहान सोसवेना म्हणून, हे मला कधी कळणार नाही. त्यांना सांगता येत नाही आणि माझ्याने विचारवत नाही.

ठसका थांबला. आईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि गिलास तसाच धरून ठेवला. बाबांनी पुन्हा तोंड उघडलं.