गुडघ्यांमधला कागद

स्लाइड १

फ्रीमाँटच्या लायब्ररीतला हॉल. मराठी मंडळ आणि एक जपानी संस्था यांचा जोडकार्यक्रम. विषय काबुकी हा जपानी नाट्यप्रकार, वक्ता मी, यामिनी, पीएचडीचं चौथं वर्ष. पहिल्या रांगेत बाबा, कुडाळहून तीन आठवड्यांपूर्वी आलेले, माझं स्वेटर घालून.

स्लाइड २

क्योतो, १६०३ च्या आसपास. ओकुनी नावाच्या बाईने नदीच्या कोरड्या पात्रात नाच सुरू केला, तो काबुकीचा आरंभ. पंचवीसेक वर्षांनी सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली. मग स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. अशा नटाला ओन्नागाता म्हणतात. मी इंग्रजीत म्हणाले, ही नक्कल नव्हे, जन्मभराची मेहनत आहे.

स्लाइड ३

ओन्नागाताच्या चालीचं प्रात्यक्षिक. गुडघ्यांमध्ये कागद धरून चालायचं. पडला तर चाल चुकली. माझा चौथ्या पावलाला पडला.

बाबांनी मांडीवरची दोन बोटं हलकेच खाली दाबली. खांदे पाड.

पाडले. कागद शेवटपर्यंत राहिला. टाळ्या. मी ही चाल जपानमध्ये शिकले असं सगळ्यांना वाटलं असणार. वाटू दिलं.

स्लाइड ४

नाही. काल काढून टाकली.

तिच्यावर एक फोटो होता. देवळासमोरचा मांडव, नऊवारी, अंबाडा, काजळ घातलेले डोळे. बाबा. तीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट केले त्यांनी. लिहिलेली संहिता नसते तिथे. काय घडणार ते रंगपटात ठरतं, बोलायचं ते उभं राहिल्यावर सुचतं. शाळेत मुलं मला 'राणीचं पोर' म्हणायची.

प्रश्नोत्तरं

मंडळाच्या श्रीरंग काकांनी माइक घेतला. "यामिनी, मराठीत विचारतो हं. आपल्याकडे असं काही आहे का गं? म्हणजे जत्रेतले ते मिशी भादरून लुगडं नेसणारे सोडून."

अर्धा हॉल, मराठी कळणारा, हसला. मीही हसले. माझं हसणं माइकमधून आलं.

"नाही काका," मी म्हणाले. "या दर्जाचं नाही."

मराठीत म्हणाले. बाबांना इंग्रजी येत नाही, तेवढी एक पळवाट होती आणि तीही काकांनी बंद केली होती.

(इथे दुसरं वाक्य चाललं असतं. 'समोर बसलेत, त्यांना विचारा.' चार शब्द. मी पाणी प्यायले.)

स्लाइड नाही. चहा.

सुलभा काकू, म्हणजे श्रीरंग काकांच्या पत्नी, समोशाची प्लेट घेऊन बाबांकडे गेल्या. मी मागोमाग.

"मुलगी हुशार आहे हो तुमची. तुम्ही काय करायचात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कलमं आहेत आंब्याची," म्हणाले. "दीडशे."

आमच्या दारात एक शेवग्याचं झाड आहे.

"अय्या. मोहोर कसा टिकवता? आमच्या रत्नागिरीच्या बागेत दरवर्षी गळतो."

"धुकं पडलं की पहाटे धूर करायचा. सुक्या पानांचा. झाडाशी बोलायचं." थोडं थांबले, आवाज खाली आणला. "रागावून नाही. झाडाला समजतं."

काकू ऐकतच राहिल्या. शेजारचे दोघं जवळ सरकले. श्रीरंग काका आले, त्यांनी तर प्लेट खाली ठेवली. बाबांचे खांदे सैल, मान किंचित कललेली, हात बोलण्याच्या अर्धा क्षण आधी उचललेला. चार वर्षं मी ज्याच्यावर प्रकरणं लिहितेय, ते एक हात अंतरावर चाललं होतं, आणि माझ्यासाठी चाललं होतं.

"वा," श्रीरंग काका म्हणाले. "पुढच्या शनिवारी मंडळात या की. बागायतीवर अर्धा तास बोला. लोक वेडे होतील."

आता बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पुढचं वाक्य माझं होतं.

"शनिवारी नाही जमणार," मी म्हणाले. "परवा निघतायत ते."

त्यांचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं.

"होय," बाबा म्हणाले, जराही न अडखळता. "बॅगा भरायच्या आहेत अजून."